आमच्या सैपाकघराचा पहिला नंबर

आमच्या घरात दुसरा नंबर चालत नाही. गंगापूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं कुणालाही विचारा. पोळ्याला मानाचा बैल आमचा. उसाला उतारा जास्त आमचा. शेळी व्याली तर आमचीला तीन करडं, शेजारच्या भागूबाईच्या शेळीला दोन. भागूबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर, आणि सगळा जन्म माझ्या एक पाऊल मागं चालण्यात गेला. हे मी नाही म्हणत, शेळ्या म्हणतात.

मी दुसरीतून शाळा सोडली, पण सोडताना नंबर पहिलाच होता. (वर्गात पोरी आम्ही दोघीच होतो. दुसरी भागूबाई. माहेरही आमचं एकाच गावचं.)

मात्र घराण्याचं नाव खरं काढलं ते माझ्या नातीनं, प्रांजलीनं. पोरगी संभाजीनगरला विद्यापीठात शिकते. काय शिकते म्हणाल, तर लोकांच्या तब्येतीचं. "डॉक्टर एकेक माणूस तपासतो आजी, आम्ही गावंच्या गावं तपासतो," असं तिनं मला सांगितलं. मी तसंच पुढं सगळ्यांना सांगितलं, फक्त 'गावं' होतं तिथं 'देश' घातलं.

तिच्या विद्यापीठाची नॉर्वे नावाच्या देशातल्या विद्यापीठाशी सोयरीक झालेली. सोयरीकच म्हणायची. त्यांच्या पोरी इकडं, आपल्या पोरी तिकडं, आणि दोन्हीकडचे प्रोफेसर मधी मानपान सांभाळत बसलेले. दोघांनी मिळून एक अभ्यास काढला. सैपाकघरामुळं बाईच्या तब्येतीत काय फरक पडतो? मी म्हटलं, उलटं आहे. बाईच्या तब्येतीमुळं सैपाकघरात फरक पडतो. मी अंथरुणाला खिळले की या घरात वरणसुद्धा करपतं. पण शिकलेल्यांना कोण सांगणार. हाच अभ्यास नेपाळात चालू, हाच आफ्रिकेत चालू, आणि आपल्याकडचं गाव निवडायचं होतं प्रांजलीनं. काम चोख झालं तर ती सहा महिने नॉर्वेला जाणार. बिघडलं तर तिच्या जागेवर दुसरीच पोरगी विमानात बसणार.

"आजी, कोणतं गाव घेऊ?"

"दुसरं कोणतं घेतलंस तर या घरचं पाणी पिऊ नको," मी म्हटलं.

झालं. प्रांजली आली, तिच्या खंडागळे मॅडम आल्या, आणि सोबत नॉर्वेची लीना नावाची पोरगी. लीना आमच्या दारातून वाकून आत आली. मला लगेच पसंत पडली. उंच होती म्हणून वाकली असं सूनबाई म्हणते, पण संस्कार कुठं लपतात का?

मारुतीच्या देवळात बाया जमवल्या. निम्म्या गॅसवाल्या, निम्म्या चुलीवाल्या. आमच्याकडं गॅस. भागूबाईकडं चूल, कारण गॅसवरच्या भाकरीला चव नाही असं तिचं म्हणणं. चव हाताला असावी लागते, हे माझं म्हणणं. प्रत्येकीला एकेक पांढरं यंत्र मिळालं, मिसळणाच्या डब्याएवढं. एका बाजूला बारीक भोकं, दुसऱ्या बाजूला इवलीशी खिडकी, आणि खिडकीवर काळी पट्टी चिकटवलेली.

प्रांजली उभी राहून बोलली. कशी बोलली! पदर असता तर मी दृष्ट काढली असती. आता ओढणीची कशी काढतात ते मला ठाऊक नाही.

"हे सैपाकघरात टांगायचं, आठवडाभर. तुम्ही रोज राहता तसंच राहायचं. पट्टी काढायची नाही, आतला आकडा बघायचा नाही."

"आकडा कशाचा गं बाय?" भागूबाईनं विचारलं.

"ते शेवटी सांगीन, भागू आजी. आत्ता सांगितलं तर तुम्ही मुद्दाम कायतरी करताल."

आता तुम्हीच सांगा. बायांना म्हणायचं, आकडा बघू नका. त्यापेक्षा 'रोज बघा' म्हणाली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

तरी मी पट्टी मुद्दाम काढली नाही, देवाशप्पथ. घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू वाहायचं, ही आमची रीत. ट्रॅक्टरला वाहिलं, मिक्सरला वाहिलं, तर नॉर्वेहून आलेल्या पाहुण्याला नाही वाहायचं? कुंकू लावायला जागा सपाट हवी म्हणून पट्टी जराशी उचलली, तर ती सगळीच हातात आली. आत आकडा. तीस-पस्तीस काहीतरी. मी फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली, आणि बघते तर काय, आकडा दोनशेवर!

"अहो," मी मालकांना हाक मारली. "यंत्र पावलं."

मालक म्हणजे आमचे कारभारी, पुंजाराम. ते आले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे मार्क असतील काय?"

"मग काय दुधाचं फॅट हाय?"

मार्कच ते. परीक्षेत आकडा जास्त तो हुशार, हे दुसरी शिकलेल्या बाईलाही कळतं. मी समाधानानं पदराला हात पुसतच होते, तेवढ्यात मागच्या दारातून भागूबाई आली. कुंकवाचं बोट तिच्याही हाताला होतं.

"जाऊबाई, तुमचा आकडा किती?"

"दोनशे," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

"असं व्हय?" भागूबाईनं पदर सारखा केला. "मपला पाचशेच्या वर हाय. नुसत्या भाकरी थापल्या तर."

त्या रात्री मला अन्न गोड लागलं नाही.

सकाळी मी कामाला लागले. आधी उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. मग देवघरातलं धुपाटणं आणलं, गवरीचे निखारे टाकले, वरून ऊद आणि राळ. आकडा असा चढला की मला वाटलं खिडकीतून बाहेर येतो. दुपारी सूनबाईला सांगितलं, फोडणी खमंग दे, मिरची जरा जळू दे. तिनं तोंडाला ओढणी बांधून फोडणी दिली. घरातली माणसं शिंकत अंगणात गेली, मांजर तर दोन दिवस घरी फिरकलं नाही.

भिंतीपलीकडून भागूबाईच्या खोकल्याचा आवाज आला. मी ओळखलं. तिनं कापसाची ओली पऱ्हाटी चुलीत घातली होती.

मग काय विचारता. ही बातमी काही मी पसरवली नाही, भागूबाईनं पसरवली. दोन दिवसांत सगळ्या बायांच्या पट्ट्या गळून पडल्या. कुणी पालापाचोळा जाळी, कुणी डासांच्या कॉइलच्या पाच-पाच गुंडाळ्या लावी. संध्याकाळी गावावर असा ढग उभा राही की गंगापूरहून येणाऱ्या जीपवाल्यानं एकदा विचारलं, कुणाची गंजी पेटली का. गाव खोकत होतं, पण मान खाली घालून कुणी खोकत नव्हतं.

मालकांनी अंथरूण उचललं.

"कुठं निघालात?"

"शेळ्यांत झोपतो. तिथं वास हाय, पण हवा हाय."

"नातीसाठी एवढं होईना तुमच्यानं?"

"तिला नॉर्वेला जायचंय. मला आत्ताच वर जायचं नाय," असं म्हणून ते गेले.

आठवडा भरला. पोरी यंत्रं गोळा करून देवळात बसल्या. मी हजर. भागूबाई हजर. अख्खं गाव डोळे चोळत हजर. प्रांजलीनं आमचं यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि बघतच राहिली. लीनानं वाकून बघितलं, तिचा हात तोंडावर गेला. दोघी इंग्रजीतून कुजबुजल्या.

मी गप्प कशी बसणार? "जास्त आकडा कुणाचा, तेवढं सांग."

"आपला, आजी," प्रांजली कसल्यातरी आवाजात म्हणाली.

"भागूपेक्षा जास्त?"

"नेपाळ, आफ्रिका, सगळ्यांपेक्षा जास्त. एवढा कुठंच आला नाही."

पुढं ती काहीतरी बोलत होती, पण माझ्या कानात सनई वाजत होती. जगात पहिला! पेढ्यांचा खोका मी पदराखाली आणलेलाच होता. तो फोडला. लीनाच्या हातावर ठेवला, मारुतीपुढं ठेवला आणि भागूबाईच्या तोंडात तर मी स्वतः भरवला. एवढं मन माझं मोठं झालं होतं.

"आजी, थांब." प्रांजलीचा आवाज रडवेला झाला. "ते यंत्र धूर मोजतं. आकडा जास्त म्हणजे हवा घाण. गॅसच्या घरात धूर कमी असतो का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. आणि आपल्या गॅसच्या घरात वीटभट्टीसारखा आकडा आलाय. तू केलंस तरी काय?"

भागूबाईनं तोंडातला अर्धा पेढा काढून अलगद खोक्यात ठेवला.

खंडागळे मॅडमना शहरातून बोलावलं. त्या येईपर्यंत आणखी एक गोष्ट कळली. त्याच दुपारी नॉर्वेच्या मोठ्या प्रोफेसरबाई लॅपटॉपवर येणार होत्या, आणि तिकडं कुणी जायचं ते ठरणार होतं. मॅडमनी आकडे बघितले आणि कपाळ दाबलं.

"यंत्रं बिघडली असं सांगता येईल," त्या म्हणाल्या. "तुझा दोष दिसणार नाही."

मी मनात म्हटलं, सांगा, सांगा, मारुतीराया पाठीशी आहे.

पण प्रांजली म्हणाली, "यंत्रं चांगली आहेत, मॅडम. त्यांनी दिसलं ते सांगितलं. मीपण दिसलं तेच सांगणार. नॉर्वेला नाय जाता आलं तर नाय."

खरं सांगते, लाजेनं माझी मान खाली गेली आणि अभिमानानं वर आली, दोन्ही एकाच वेळी. मान लचकायचीच राहिली. पोरगी कुणावर गेली? आजोबांवर तर नक्की नाही.

लॅपटॉप उघडला. पलीकडं पांढऱ्या केसांची बाई, माझ्याच वयाची, खुर्चीत ताठ बसलेली. प्रांजलीनं तोंड उघडायच्या आत मी तिला कोपरानं बाजूला सारलं आणि पुढं बसले.

"राम राम, बाई. मी हिची आजी, सुगंधाबाई. हिनं आम्हाला नीट सांगितलं होतं, रोजच्यासारखं राहा. आम्ही राहिलो नाय. मला वाटलं आकडा म्हणजे मार्क. मग उदबत्त्या लावल्या, धूप घातला, मिरच्या जाळल्या. नातीचं काम मी नासवलं. मार्क कापायचे तर माझे कापा, पोरीचे नको."

"आणि पऱ्हाटी मी जाळली," मागून भागूबाई म्हणाली. इथंही तिला मागं राहवेना.

प्रांजलीनं चाचरत इंग्रजी करून सांगितलं. प्रोफेसरबाईंचा चेहरा आधी हलला नाही. मग खांदे हलले. मग त्या अशा हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्या बोलल्या आणि लीनानं प्रांजलीला कोपर मारलं.

"काय म्हणतात?" मी.

"म्हणतात, तरुणपणी त्यांनी स्वतःच्या गावात असंच मोजलं होतं. तर त्यांच्या आईनं आठवडाभर मासाच तळला नाय. यंत्राला वास लागेल म्हणून."

मला बाई एकदम ओळखीची वाटली.

मग त्यांनी विचारलं, उदबत्ती आणि धूप एरवीही लावता का? म्हटलं, रोज सकाळ-संध्याकाळ, सैपाकघराच्या कोपऱ्यातच देवघर, आणि देव काय आठवड्याचा पाहुणा आहे? त्या गंभीर झाल्या. चूल धरली, गॅस धरला, पण देवघराचा धूर त्यांच्या अभ्यासात कुणी धरलाच नव्हता. ठरलं असं, की सगळं पुन्हा मोजायचं, देवघराचा धूर धरून. आणि खोटं न बोलणारी पोरगी तिकडं हवीच आहे, तेव्हा प्रांजली जाणार!

उरलेले पेढे तेव्हा कामी आले. भागूबाईनं आपला अर्धा ओळखून परत घेतला.

पुन्हा यंत्रं टांगली. या वेळी आकडा कमी तो चांगला, हे गावाला ठाऊक होतं. प्रांजलीनं माझ्यापुढं हात जोडले. "आजी, रोजच्यासारखं."

"शप्पथ," मी म्हटलं.

आणि रोजच्यासारखंच राहिले. रोज आम्ही शेतावर जातोच. त्या आठवड्यात फक्त शेगडी आणि टाकी सोबत नेली. दोन्ही वेळचा सैपाक आंब्याखाली. मालक खूश, म्हणाले शेतात वांग्याला चव येते. पहिल्याच दिवशी शेजारच्या बांधावरून धूर निघाला. भागूबाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती.

"काय जाऊबाई, शेतात सैपाक?"

"मालकांना मोकळ्यावर जेवण गोड लागतं. तू काय करतीस?"

"आमच्याकडंही तेच," ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी पिकाकडं बघितलं.

आता प्रांजली नॉर्वेला आहे. तिथं पाणी गोठतं म्हणे. मी स्वेटर विणून पाठवला. परवा तिचा फोन आला.

"आजी, आकडे बघितले आम्ही. आपल्या घरचा इतका कमी आलाय की प्रोफेसरबाई विचारतात, या घरात माणसं राहतात ना? पुढच्या महिन्यात त्या स्वतः येणार आहेत. यंत्र नाय आणणार. आठ दिवस तुझ्या सैपाकघरात पाट मांडून बसणार."

"येऊ दे की. पुरणपोळी करते," मी म्हटलं. "पण ते राहू दे. नंबर?"

प्रांजलीनं फोनवर आधी घसा साफ केला.

"तुझा दुसरा, आजी. पहिला भागू आजीचा."

कसं शक्य आहे? मी घरात काडी पेटवली नव्हती. देवापुढं सकाळ-संध्याकाळ एक उदबत्ती, एवढंच. ती तरी कशी सोडणार, देव घरातच होते ना.

भागूबाईनं आठवडाभर देवसुद्धा डब्यात घालून शेतावर नेले होते, हे मला नंतर कळलं.