जास्तीचे सहा किलो

"बॅग तेवीस किलोंच्या वर गेली, तर प्रत्येक किलोला दंड आहे," लेक सकाळपासून चौथ्यांदा म्हणाली. परदेशातली फी, खोलीची अनामत आणि तिकीट भरून झाल्यावर घरात दंडापुरतेही पैसे उरले नव्हते. विमान संध्याकाळचं, आणि बॅग वजनकाट्यावर ठेवली की आकडाच झाकला जायचा.

"त्यात काय! बॅग घेऊन मी उभा राहतो, मग माझं वजन वजा करायचं," बाबा म्हणाले. बाबा गणिताचे मास्तर. "ब्याऐंशी. वीस वर्षांत तसूभर हललेलं नाही."

"एकदा नुसते उभे राहून बघा ना," आई म्हणाली.

"पाठ असलेला आकडा पुन्हा कशाला मोजायचा?"

काट्यावर शहाण्णव आले. म्हणजे बॅग अवघी चौदा किलो! तिथे म्हणे साधी वहीसुद्धा परवडत नाही, म्हणून आईने दोन डझन वह्या कोंबल्या. आत्याने साबण, चादर आणि इस्त्री आणली. "ही कात्रीही घे. केस घरीच काप. तिथल्या एका कटिंगमध्ये इथे माझी वर्षाची चप्पल येते." लेकीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दर पाच मिनिटांनी पासपोर्ट चाचपत होती, आणि बाबा धापा टाकत काट्यावर चढत-उतरत होते. अखेर एकशे पाच आले.

"बरोबर तेवीस!" बाबांनी जाहीर केलं.

विमानतळावरच्या काट्याने एकोणतीस दाखवले.

"तुमचा काटा बिघडलाय," बाबा काउंटरवरच्या बाईंना म्हणाले.

"मग तुम्हीच उभे राहा, काका. तुमचं वजन माहीत आहे ना?"

बाबा ऐटीत चढले. शहात्तर.

मागची रांग कुरकुरायला लागली. "बाबा, शेवटचं वजन कधी केलं होतं?" लेकीने विचारलं.

"तुझ्या अ‍ॅडमिशनच्या आधी."

त्यानंतर कर्जासाठी बँकेच्या खेपा झाल्या होत्या, पहाटेच्या शिकवण्या झाल्या होत्या, आणि 'भूक नाही गं' म्हणत बाबा कितीदा तरी अर्ध्या ताटावरून उठले होते. लेकीला एकदम रडू आलं. डोळे पुसत तिने तिथेच फतकल मारली आणि बॅग उघडली. इस्त्री, चादर, साबण, निम्म्या वह्या, असं मोजून सहा किलो बाहेर निघालं. आत्याच्या सामानातली कात्री तेवढी तिने ठेवली.

ती आत दिसेनाशी झाली. दोन्ही हातांत गच्च भरलेल्या पिशव्या घेऊन बाबा आईकडे वळले.

"आता उभं कर मला काट्यावर," ते म्हणाले. "बरोबर ब्याऐंशी भरेन."