नाना बसत नाहीत, टेकतात

आमच्या शेजारच्या भास्करनानांना ‘बसा’ म्हटलेलं अजिबात चालत नाही. मी सवयीनं म्हणून जाते आणि ते लगेच दोन्ही हात वर करतात, “माले नही बसनं. मी टेकस.” मग चारचौघांसारखेच खुर्चीवर बसतात आणि चहा मागतात. परवा एका साखरपुड्यात मुलाचा बाप बिचारा ‘बसा, बसा’ करत मागे फिरत होता, आणि नाना त्याला ‘टेका म्हना’ शिकवत होते.

आता आमच्या पारोळ्यात पुरुषमाणसं ‘बसतात’ म्हणजे काय करतात, हे मी सांगायला नको. संध्याकाळी ‘बसले’ की घरी बायका ताट झाकून ठेवतात. नाना कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते तेव्हापासून रोज बसायचे. रिटायर झाल्यावर तर दिवसासुद्धा बसायला लागले. शेवटी त्यांची बायको, आमच्या अक्का, वैतागल्या. तुम्ही सोडा, तेव्हा मी येते, असं सांगून धुळ्याला लेकीकडे निघून गेल्या. नानांनी आठ-पंधरा दिवस शूरपणा केला. मग स्वयंपाकघरात मीठ कुठं असतं हे विचारायला माझ्याकडे आले, तेव्हा चेहरा पार उतरलेला होता.

त्यातच बाजारात त्यांना उत्तमभाऊ भेटले. हे त्यांचे जुने बसणारे दोस्त, पण बरेच दिवस गायब होते. ते म्हणाले, “बुधवारी संध्याकाळी शाळानी मांगली खोलीमा येजा. आम्ही बसतस तठे.”

नानांना आणखी काय हवं होतं? इस्त्रीचा शर्ट घातला, अर्धा किलो शेव बांधून घेतली, भाजलेले शेंगदाणे आणि चिरलेला कांदाही घेतला. मला अंगणातून सांगून गेले, की आज उशीर होईल. मी कपाळाला हात लावला.

तिथं पोचले तर आठ-दहा जण पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले, आणि मध्ये चहाची किटली. नानांना वाटलं, माल मागून येणार असेल. मग एकेक जण उठून बोलायला लागला. कोणी बायकोला मारलं होतं, कोणी लेकीच्या लग्नात मांडवाबाहेर पडून राहिला होता. नाना ऐकत राहिले. त्यांची खात्रीच पटली, की ही मंडळी आधीच घेऊन आलीत, कारण प्यायल्याशिवाय माणूस इतकं खरं बोलत नाही. त्यांची पाळी आली तशी उठून रागानंच म्हणाले, “तुम्ही बठ्ठा जन सुरू व्हयी गयात, मन्हं काय?”

लोक हसून हसून लोळले म्हणे. मग उत्तमभाऊंनी हा दारू सोडणाऱ्यांचा गट आहे हे त्यांना समजावलं, आणि सगळ्यांनी चहाबरोबर ती शेव संपवली. नाना चिडून घरी आले. पुढच्या बुधवारी मात्र मुकाट्यानं परत गेले. मी विचारलं तर म्हणाले, “तठे ‘कसं काय, नाना’ असं इचारतस.” मला फार वाईट वाटलं. आम्ही शेजारी तेवढंसुद्धा विचारत नव्हतो.

गटाचा नियम असा, की नुसतं नाव सांगायचं. आडनाव, गाव काही नाही. नानांना हे कधी जमलंच नाही. कोणी नवा माणूस ‘मी अनिल’ म्हणाला, की हे लगेच, “कोठला अनिल? मामाना गाव कोनता?” करत सुटतात. दोन बैठकांत एकाचं सोयरिकीचं नातंसुद्धा काढलं. नियम मोडतात म्हणून ओरडा खातात, पण नव्या माणसाला घरून हाताला धरून आणायचं काम सगळे त्यांच्यावरच टाकतात.

तेव्हापासून नानांनी थेंब घेतलेला नाही. दर रविवारी एसटीनं धुळ्याला जातात. एकदा खरेदीसाठी मीही बरोबर गेले. लेकीच्या दारात नाना उभे राहिले, तोंड उघडून अक्कांसमोर मोठ्यांदा ‘हाऽऽ’ केलं. अक्कांनी पदर नाकाशी न नेता वास घेतला आणि “ठीक शे” म्हणून त्यांना आत घेतलं. मला हसू आवरेना.

माझं तोंड फटकळ. स्वयंपाकघरात गेल्यावर मी अक्कांना म्हटलं, आता तर माणूस सुधारला, मग अडलंय कुठं?

अक्का भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्यानी एकदा तरी म्हनं का, चाल घर? मन्ही पिशवी भरेलच शे.”

परतीच्या एसटीत मी नानांवर अशी उखडले, की पुढची बाई वळून बघायला लागली. इतकं सगळं केलंत, तिकडे अक्कांची पिशवी भरलेली आहे, आणि ‘चल घरी’ एवढं तोंडातून निघत नाही का?

नाना खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, “मी ये म्हनसू ते ती लगेच येई. आनि मी परत पिनू ते?”

पारोळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि पिशव्या सांभाळत घराकडे चालू लागलो. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, “पिशवी भरेल शे, असं म्हने का ती?”

हो म्हटलं. पुन्हा सांग म्हणाले. सांगितलं. घर येईपर्यंत ते तेवढंच वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते.