जांभळी भिंत आणि मामांचं पाणी

भिंतीला प्लास्टर करायला गवंडी लागतो, हा गवंड्यांनीच पसरवलेला गैरसमज आहे. मी मोबाईलवर सगळं बघून ठेवलं होतं. लोखंडी पत्ती धरायची, कालवलेला माल घ्यायचा, भिंतीवर ओढायचा. पोळीला तूप लावण्याइतकं सोपं!

उदगीरच्या आमच्या घरात हॉलचे दोन भाग करायला जिप्सम बोर्डाची भिंत उभी केली आहे. तिला चकचकीत जांभळा ऑइलपेंट. रंगाची निवड माझी होती, हे माझी बायको शिल्पा पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते. श्रावणातल्या सोमवारी स्वामीजी पाद्यपूजेला आमच्याकडे येणार होते. या दिवसाची तिनं कैक वर्षं वाट पाहिली होती.

"स्वामीजींना या जांभळ्या भिंतीपुढं बसवायचं न्हाई," तिनं सांगून टाकलं.

दुकानदार भुजंगनं प्लास्टरच्या मालाची पिशवी देताना बजावलं, "साहेब, आधी पॉलिश पेपरनं घासा. चकाकी उतरली न्हाई तर माल धरत न्हाई."

"हाव, हाव," मी म्हणालो. घरी येऊन हात दुखेपर्यंत घासलं, म्हणजे साधारण दाराच्या चौकटीपासून स्विचबोर्डापर्यंत. पुढचं माल समजून घेईल असं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र उभी राहिली. शिल्पा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरं दिसतंय." लग्न झाल्यापासून एवढं कौतुक माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी जेवताना सारखा भिंतीकडंच बघत होतो.

रविवारी पूजेसाठी सासरे आले. हणमंतराव, मी त्यांना मामा म्हणतो. गावाकडं दोन घरं स्वतः उभं राहून बांधून घेतलेला माणूस. त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं.

"जावईबापू, पाणी मारलं का?"

"मामा, हे सिमेंट न्हाई. याला पाणी चालत न्हाई."

"प्लास्टर हाय ना?"

"हाय."

"मग पाणी लागतंच. पाण्याबिगर तडे जातेत."

सासऱ्याला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी "बघू" म्हणालो आणि बेल, फळं आणायला बाजारात सटकलो.

परत आलो तर मामा धोतर खोचून, बादलीत तांब्या बुडवून भिंतीला आंघोळ घालत होते. माझ्या डोळ्यांदेखत वरचा पापुद्रा सुटला आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सगळं प्लास्टर खाली बसलं. दारापासून स्विचबोर्डापर्यंतचा तुकडा तेवढा जागेवर होता. त्याबद्दल मी कुणाजवळ काही बोललो नाही.

"मालच खोटा," मामा म्हणाले. "दुकानवाल्यानं फसवलं तुम्हाला."

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

शिल्पा स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं भिंतीकडं पाहिलंच नाही, बादलीकडं पाहिलं.

"आण्णा, पाणी कुठून घेतलं?"

"टाकीतून की. काटकसर केली न्हाई, पोरी. मोकळ्या हातानं मारलं."

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही बुधवारी. ती टाकी पूजेसाठी राखलेली होती. त्यापायी आम्ही तांब्याभर पाण्यात आंघोळी उरकून राहिलो होतो!

"उद्या स्वामीजींचे पाय कशानं धुवायचे?" शिल्पानं विचारलं. रडली असती तर परवडलं असतं. ती रडली नाही, तिनं माझ्या हातात खराटा दिला.

शेवटी शेजारच्या मल्लम्माकाकूंनी दोन घागरी दिल्या. सोबत, नवऱ्याला कामाला लावण्यापेक्षा गवंडी बोलवावा, हा सल्लाही दिला. उरलेला तुकडा मी खरवडून काढला. तो निघता निघत नव्हता.

सोमवारी स्वामीजी आले, आणि बसले त्या जांभळ्या भिंतीपुढंच. शिल्पानं पाय धुतले. पूजा झाली, सगळी गल्ली पाया पडून गेली. मग स्वामीजींनी मागं वळून पाहिलं. इतकं पाणी पडल्यानं, खरवडलेला तुकडा सोडला तर, भिंतीचा रंग नव्यासारखा झळकत होता.

"भिंत लख्ख आहे," ते म्हणाले. "मठातलं असंच एक पार्टिशन खराब झालंय. हे काम कुणी केलं?"

मी सतरंजीची नक्षी बघू लागलो. मामा हात जोडून पुढं झाले.

"आमच्या जावईबापूंनी, महाराज. पुढच्या सोमवारी येतेत की मठात."

मग माझ्या कानाशी वाकून त्यांनी धीर दिला, "फिकीर करू नका. मठाला दोन बोअर हायत. पाणी मारायला मी येतो."