धुळप्पाचा नवस

आमच्या हळ्ळीखेडात धुळप्पाला बसलेला पाहायला मिळत नसे. लग्नाच्या पंगतीत तो खांबाला टेकून, पत्रावळ तळहातावर धरून जेवायचा. चावडीवर सगळे मांडी घालून बसले की हा मधोमध, काठीवर हनुवटी ठेवून उभा. भजनातही उभाच. त्याच्या मागे ज्याला जागा मिळे त्याला देव दिसत नसे. वर कुणी न विचारताच म्हणायचा, ‘‘बसून कुनाचं भलं झालंय?’’

माझं झालं होतं. माझं कापडाचं दुकान, दिवसभर गादीवर बसणं हाच माझा धंदा. त्यामुळे ते वाक्य मला लागायचं. रोज हा दुकानासमोर येऊन उभा राही, गिऱ्हाइकांची वाट अडवी आणि मलाच शिकवी, ‘‘उठा, शेट. गादी माणसाला खाती.’’

त्याचे वाडवडील मेंढरांमागे फिरणारे, बिरप्पा देवाला मानणारे. याच्या वाट्याला तुरीचं रान आलं, तरी काठी आणि घोंगडी काही सुटली नाही. बायको नीलव्वा वारली तेव्हा मागे मूलबाळ नव्हतं. दुखवट्याला सगळे सोयरे सतरंजीवर बसले आणि घरधनी तेवढा उभा. एका म्हाताऱ्या चुलत्यानं विचारलं, ‘‘कामून उभा रायलास रे?’’ धुळप्पा गांगरला आणि बोलून गेला, ‘‘बिरप्पाला बोललोय. नीलीच्या नावानं. बसायचं न्हाई.’’

झालं! बायकोच्या नावानं असा नवस कुणी ऐकला नव्हता. बायांनी डोळ्यांना पदर लावले. काहीजणी तर तान्ही मुलं आणून त्याच्या पायावर घालू लागल्या. आमच्याकडे नवसाच्या माणसाचा नेम कुणी मोडायला लावला, तर अर्धं पाप त्याच्या पदरात पडतं. त्यामुळे त्या दिवसापासून गावात त्याला कुणी ‘बसा’ म्हणेना. दारात आलेल्याला आधी बसा म्हणायचं ही आपली रीत. ते म्हणायचं नाही तर पुढे काय बोलायचं हे कुणाला सुचत नसे. तोही उंबऱ्याशी जरा वेळ उभा राही आणि ‘‘चलतो मंग’’ म्हणून निघून जाई. त्याच्या घरी तर बोलायलाही कुणी नव्हतं.

मला मात्र संशय होता. या पायावरचा भार त्या पायावर टाकणं, शिंक आली की ओठ चावणं, हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. गादीनं मलाही खाल्लंच होतं. एके दिवशी त्याच्या धोतरावर रक्ताचा डाग दिसला. चेहरा पांढराफटक. मी त्याला हाताला धरून दुकानात आत नेलं.

‘‘अण्णा, मूळव्याध हाय ना?’’

‘‘हळू, शेट! गावाला दवंडी देयलाव का?’’

‘‘मलाबी होती. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात जाऊन आलो.’’

‘‘तुमालाबी?’’ जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा तो माझ्याकडे पाहू लागला. मग भडाभडा बोलला. दुखणं जुनंच. नीलव्वाला तेवढं ठाऊक होतं. ती सुरणाची भाजी करायची, ताक द्यायची आणि घोंगडीची जाड घडी घालून ‘बसा’ म्हणायची. ती गेल्यावर यानं एका हकिमाची पूड खाल्ली, तांब्याची अंगठी घातली आणि मिरचीचा ठेचा मात्र चालूच ठेवला.

‘‘दवाखान्यात न्हाई येनार मी,’’ तो म्हणाला. ‘‘बरा झालो तर बसावं लागंल. बसलो तर गाव म्हनंल, बायकोच्या नावाचा नवस मोडला.’’

‘‘आनि असंच रक्त जाऊन मेलाव तर?’’

‘‘तर म्हनतील, नवसाचा पक्का होता.’’

मी त्याला शिव्या घालून मोटारीत चढवला. हुमनाबादेपासून गुलबर्ग्यापर्यंत तो छताची दांडी धरून उभा. कंडक्टर खेकसला, ‘‘बैठो ना, मियाँ!’’ तेवढ्यात आमच्या गावच्या एका बाईनं नवस सांगितला आणि कंडक्टरनंही हात जोडले. धुळप्पा माझ्याकडे बघेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला कुशीवर निजवलं, तपासलं आणि विचारलं, ‘‘कब से है?’’ धुळप्पानं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टर हसले. ‘‘आधे गाँव कू येच बीमारी है, और हर एक समझता अकेला मैंच हूँ.’’ रक्त दिसलं की लपवायचं नाही, लगेच यायचं, असं त्यांनी बजावलं. दर वेळी ते मूळव्याधीचंच असतं असं नाही. मिरची बंद, पाणी भरपूर, शौचाला जोर करायचा नाही. मोड बांधून काढले आणि रोज कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं. नीलव्वाच्या मागे धुळप्पा पहिल्यांदा बसला तो असा, पाण्यात.

तो बरा झाला, पण गावात आला आणि पुन्हा उभा! आता दुखत नव्हतं, तरी बसायची सोय नव्हती. शेवटी मीच तोड काढली. नवस मोडायचा नाही, फेडायचा. बिरप्पाच्या देवळापुढे आंबिलीचा नैवेद्य केला, गावजेवण घातलं. पुजाऱ्यानं धुळप्पाला भंडारा लावला आणि म्हणाला, ‘‘नवस फिटला. आता घरच्या मानसानं बसवावं.’’

धुळप्पाला घरचं माणूस नव्हतं. मान खाली घालून तो काठी घट्ट धरून राहिला. गाव जेवायला बोलावण्याच्या नादात एवढी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

तेव्हा माझी बायको वाढता वाढता पळी ठेवून उठली. धुळप्पाच्या खांद्यावरची घोंगडी तिनं ओढून घेतली, तिची जाड घडी घातली आणि पुढे सरकवली. ‘‘बसा, अण्णा.’’

धुळप्पा काठीच्या आधारानं हळूहळू खाली बसला आणि तोंडावर पटका धरून रडू लागला. लोक म्हणाले, बिरप्पा पावला. मी घाबरलो. शेजारी वाकून हळूच विचारलं, ‘‘अण्णा, दुखायलंय का?’’

‘‘न्हाई, शेट,’’ तो म्हणाला. ‘‘नीली गेल्यापासून आपल्या मानसानं बस म्हनलंच न्हवतं.’’

पंगती उठल्या, पत्रावळी उचलून झाल्या, माणसं घरोघर गेली. धुळप्पा त्या घडीवरच बसून होता. त्याला ‘उठा’ म्हणायची माझी छाती झाली नाही.