सुभेदारांचा डावा कान

संयोगिताला बघायला फलटणचे पाहुणे कडेगावला आले आणि पोहे यायच्या आतच घोळ झाला.

"पोरगी काय करती?" मुलाचे वडील, निवृत्त सुभेदार मानसिंगराव यांनी विचारलं.

"ज्यांना ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई, त्यांच्यावर उपचार करती. सांगलीत दवाखाना हाय तिचा," संयोगिताचे वडील नाथाजी कौतुकानं म्हणाले.

सुभेदारांपर्यंत पोचलं ते एवढंच : ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. त्यांनी संयोगिताकडं कळवळून पाहिलं. "चालायचंच. दिसाया तर चांगली हाय."

नवरामुलगा वीरधवल ओशाळला. सावरून घेत त्यानं तिला विचारलं, "मुकी पोरं पहिला शब्द बोलतात, तो तुम्हीच ऐकत असाल ना?"

आजवरच्या सात स्थळांपैकी तिच्या कामाबद्दल विचारणारा हा पहिलाच. संयोगिताला मनापासून आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात तिनं नको ते केलं. सुभेदार ओठांकडं बघून बोलणं ओळखतात, उजवा कान पुढं करतात, हे तिनं केव्हाच हेरलं होतं. त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा, तोफखान्यात होता ना? तुमचा डावा कान गेलाय. सांगलीला या, तपासून देते."

हे मात्र त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

"बघायला आमी आलोय का तुमी?"

पाहुणे उठले. "आवं, पोहे तरी..." म्हणत नाथाजी फाटकापर्यंत धावले. वीरधवलनं एकदा वळून पाहिलं, पण बापापुढं त्याची जीभ रेटत नव्हती, आणि त्यावर संयोगिताकडंही उपचार नव्हता.

"एक दिस बहिऱ्याला बहिरा ऱ्हाऊ द्यायचं हुतंस की गं," नाथाजी एवढंच म्हणाले.

तीन महिन्यांनी सुभेदार एकटेच दवाखान्यात आले. त्यांच्यामागं वीरधवलही आहे का, हे संयोगितानं दाराबाहेर डोकावून पाहिलं. तिनं कान तपासला, मशीन बसवलं. पंख्याची करकर ऐकून म्हातारा लहान मुलासारखा हसला.

"मामा, एकदम कसं मनावर घेतलंत?"

"पोराचं लगीन हाय रविवारी. मंगलाष्टका ऐकू याव्यात म्हनून." त्यांनी पत्रिका काढली. "यायचं बरं का."

"मुलगी कशी आहे?"

"लय गुणाची. आमच्या कानाबद्दल अवाक्षर काडलं न्हाई."

संयोगितानं त्यांना मशीनचा आवाज कमी-जास्त करायला शिकवलं, बँडपासून लांब उभं राहायला बजावलं आणि दारापर्यंत सोडलं. मग तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली. दोनदा मारावी लागली. पहिल्यांदा तिच्याच तोंडून आवाज फुटला नाही.