सक्रिय आणि शांत

निवडणुकीचे निकाल लोकांपर्यंत पोचवण्यासाठी कोणत्या समाजमाध्यमाशी भागीदारी करावी, असा प्रश्न माझ्या जावयाच्या कंपनीला पडला. प्रश्न लोकशाहीचा असल्यामुळे तो भागीदारी विभागाकडे आला. त्या विभागाचा प्रमुख माझा जावई.

माध्यमं तीन होती. पहिल्यावर लोक भांडायचे, दुसऱ्यावर नाचायचे. तिसऱ्याचं नाव 'ओसरी'. तिथे माझ्या वयाची माणसं रोज सकाळी एकमेकांना फुलांची चित्रं पाठवायची.

"भांडणारे निकालावर शंका घेतात, मग ती आमच्यावर येते," जावई चहा पिता पिता म्हणाला. "नाचणाऱ्यांना निकाल लागल्याचंच कळत नाही."

"मग ओसरी घ्या."

"असं कसं, बाबा? निकष लागतात. वापरकर्ता सक्रिय हवा आणि शांत हवा."

निकष तपासायला कंपनीने घरोघरी फोन लावले. आमच्याकडे तो हिच्या मोबाइलवर आला. ही जाऊन वर्ष होत आलं, पण मोबाइल मी अजून चार्ज करतो. ओसरीवर हिच्या आवाजातला एक निरोप आहे : "अहो, गॅसवर दूध आहे. नुसते बघत काय बसता? बंद करा!" तो मी रोज सकाळी ऐकतो. खातं उघडलं नाही तर ओसरीवाले ते पुसून टाकतात.

"बाईंचं खातं रोज उघडलं जातं?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"रोज."

"आणि बाई?"

"शांत झाल्या," मी म्हणालो. 'गेल्या' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

"अरे वा! आधी भांडायच्या का?"

"माझ्याशी. सकाळ-संध्याकाळ."

"म्हणजे चांगलीच सुधारणा आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आमच्यासारखी घरं बरीच निघाली. शांत झालेल्यांचं प्रमाण ओसरीवर सर्वांत जास्त भरलं आणि करार झाला. सर्वांत शांत वापरकर्त्यांना 'विश्वासू निरीक्षक' नेमण्यात आलं. निकाल आधी त्यांना दाखवायचा. त्यांनी हरकत घेतली नाही तर तो बरोबर, असा नियम ठरला.

जावई धापा टाकत आला. "बाबा, निरीक्षकांत आई आहेत!"

"मग चूक सुधारा, जावईबापू."

"सुधारली तर खातं बंद होईल. आईंचा आवाजही जाईल. शिवाय एक नाव काढलं की बाकीची काढावी लागतील. मग ओसरीवर उरतंय कोण?"

"नाचणारे घ्या."

"ते जिवंत आहेत, बाबा. कंपनी एवढा धोका पत्करणार नाही."

मी गप्प बसलो. मला तो आवाज हवा होता.

निकालाच्या दिवशी मतमोजणी सुरू व्हायच्या आधीच ओसरीवर निकाल लागला. कंपनीच्या कुणीतरी चाचणीचे आकडे चढवले होते. मी हिचा मोबाइल हातात घेऊन बसलो. खाली 'हरकत' असं लाल बटण होतं. ही असती तर बटण झिजवलं असतं. पण हरकत आली की निरीक्षकाची ओळख तपासणार, हेही तिथेच लिहिलं होतं. मी बघत बसलो. मागे दूध उतू गेलं.

एकाही निरीक्षकाची हरकत आली नाही. निकाल कायम झाला. दुपारी खरी मोजणी संपली, आकडे वेगळे आले. त्यावर कंपनीच्या मोठ्या बाईंनी खुलासा केला : मोजणीवर हजारो हरकती आहेत, ओसरीवर एकही नाही, लोकांचा विश्वास कुठे आहे ते उघड आहे. जावयाला बढती मिळाली.

पुढच्या निवडणुकीपासून निरीक्षक होण्याची संधी जिवंत माणसांनाही मिळणार आहे. अर्ज करावा लागत नाही. समोर चुकीचं दिसत असताना माणूस नुसता बघत बसला, की कंपनी आपणहून नोंद करते : सक्रिय, शांत.

तुमची नोंद बहुतेक झालीच असेल. नाहीतर आतापर्यंत कुणीतरी भांडलं असतं.