डोमाजीचा ताव

डोमाजी लोहाराने काम पूर्ण करून दिलं की सोबत एक पुडी यायची. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या काळ्या खपल्या. पहिल्यांदा मी विचारलं, "हे काय?"

"तुमचं लोखंड, भाऊ. भट्टीत हवेनं खाल्लं. मी नाई खाल्लं."

हिंगणघाटला माझं शेतीच्या अवजारांचं दुकान. हमाली करून उभं केलेलं. त्यामुळे दिलेलं लोखंड वजनात कमी परत आलं की माझं डोकं फिरतं. मी एकदा डोमाजीवर चोरीचा आळ घेतला होता, हे खरं. पण माणसाने किती दिवस मनात ठेवावं? त्याने सात वर्षं पुड्या दिल्या.

त्याचं दुसरं खूळ म्हणजे ताव, लोखंड किती तापवायचं ते. वैशाखातल्या दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा नालीत बसतात, तेव्हा हा दार-खिडकी लावून भट्टीपुढे बसायचा. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग खोटा दिसतो म्हणे. पट्टी पळसफुलासारखी झाली की बाहेर. पांढरी होऊ द्यायचा नाही.

"तांबड्या तावावर हवा लोखंडाचा घास घेते, पांढऱ्यावर पंगतीले बसते."

एकदा त्याने मलाच आत कोंडलं. सारख्या मापाचे दोन तुकडे सारखाच वेळ भट्टीत ठेवले. एक पळसरंगावर, दुसरा भाता जोरात ओढून पांढरा. ऐरणीवर ठोकल्यावर पहिल्याची चिमूटभर खपली पडली, दुसऱ्याची मूठभर.

"काय समजलं, भाऊ?"

"समजलं. माह्या पासा कधी देशीन?"

पास म्हणजे वखराचं आडवं पातं. पेरणीआधी वखरणी, आणि वखरणीआधी गिऱ्हाईक माझ्या दारात. त्या वर्षी मला पन्नास पासा हव्या होत्या. डोमाजी एकटा माणूस. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी गिरडला दिलेली. दिवसाला तीन नग काढायचा. वर दराची घासाघीस तीन-तीन दिवस चालायची. ठरत आलेला दर तोच मोडायचा. मी वैतागलो आणि काम विजेचा भाता असलेल्या एका नव्या कारखान्यात दिलं. त्यांनी चार दिवसांत पन्नास दिल्या. चमकदार, रंग लावलेल्या.

आठ दिवसांनी त्या परत यायला लागल्या. धार बिस्किटासारखी तुटायची. एका शेतकऱ्याने पास माझ्या गादीवर टाकली आणि भरल्या दुकानात म्हणाला, "पापड विकून राह्यला का?" पेरणी पंधरा दिवसांवर. दुकानाचं नाव मातीत जायची वेळ.

शेवटी पोतं घेऊन डोमाजीकडे गेलो. टोमणा ऐकायची तयारी ठेवली होती. त्याने एक पास नखाने खरवडली.

"पांढऱ्या तावावर उपाशी हवेले लग्नात सोडलं यायनं," एवढंच बोलला.

मग जळलेल्या धारा छाटून नव्या काढायला बसला. मी रोज जायचो, घाई करायचो, दर विचारायचो. तो आकडा सांगायचा, मी तो कापायचो, तो दुसरंच काहीतरी काढायचा. पण ताव सांभाळूनही बारा दिवसांत त्याने सगळ्या पासा दिल्या. एकही परत आली नाही.

शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "आता एकच सांग. घासाघीस नाई करत. तू म्हणशीन तो दर."

डोमाजीचा चेहरा पडला. तो ऐरणीवरची धूळ पुसायला लागला.

"आजच काऊन, भाऊ? दर ठरला तं उद्या कायले येसान?"

मी चिडलो. मला काय कामधंदे नाहीत? तसाच तडक निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी गेलो. त्याने चहा ठेवला आणि आकडा सांगितला. आकडा अगदी वाजवी होता. मी म्हणालो, "जमत नाई."